पुंजक्षेत्र सिद्धांताचे पहिले पुस्तक : प्रस्तावना

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या बहुतेक विषयांना एकेक ठरलेले पुस्तक लाभले आहे. अभिजात यामिकीसाठी गोल्डस्टाइन आणि विद्युतचुंबकीसाठी जॅक्सन ही नावे विद्यापीठ बदलले, अभ्यासक्रम बदलला तरी संदर्भग्रंथांच्या यादीतून सहसा हलत नाहीत. पुंजक्षेत्र सिद्धांत, म्हणजेच क्वांटम फील्ड थिअरी, या विषयाला असे एक नाव कधीच मिळाले नाही. चांगल्या पुस्तकांची वानवा हे त्याचे कारण नव्हे. उलट गेल्या तीस वर्षांत या विषयावर उत्तमोत्तम पाठ्यपुस्तकांची भर पडत आली आहे. खरे कारण असे की या सिद्धांतात मूलभूत काय मानायचे, क्षेत्र, कण, सममिती की सर्व शक्य मार्गांची बेरीज, यावर जाणकारांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येक पाठ्यपुस्तक आपल्या पहिल्याच प्रकरणात, बहुधा वाचकाला फारसे न सांगता, त्यांपैकी एक उत्तर गृहीत धरून पुढे जाते. त्यामुळे पहिले पुस्तक निवडणे ही सोपे कोणते आणि अवघड कोणते एवढे पाहण्याची बाब राहत नाही. विषयात कोणत्या बाजूने शिरायचे याचा तो निर्णय असतो, आणि तो घेण्यासाठी जी माहिती लागते ती नवख्या विद्यार्थ्याजवळ नेमकी त्याच वेळी नसते. ही अडचण समोर ठेवूनच प्रस्तुत पुस्तक लिहिले गेले आहे.

हा सिद्धांत कशासाठी लागतो, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकवल्या जाणाऱ्या पुंजयामिकीत कणांची संख्या ठरलेली असते. हायड्रोजनच्या अणूत एक इलेक्ट्रॉन धरला की गणित संपेपर्यंत तो एकच राहतो. आइनस्टाइनच्या सापेक्षतेने मात्र ऊर्जा आणि वस्तुमान यांची अदलाबदल शक्य ठरवली असल्यामुळे पुरेशा ऊर्जेच्या टकरीत नवे कण जन्मतात आणि जुने नाहीसे होतात, तेव्हा ठरीव संख्येच्या कणांचे समीकरण तेथे पुरे पडत नाही. क्षेत्र म्हणजे अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला आणि प्रत्येक क्षणाला दिलेली एक राशी. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे ही तिची परिचित उदाहरणे. अशा क्षेत्राला पुंजयामिकीचे नियम लावले की त्याच्या कंपनांची ऊर्जा सलग न राहता ठरावीक मापाच्या पुंजांत विभागली जाते, आणि अशा एकेका पुंजालाच कण म्हटले जाते. विश्वातील सगळे इलेक्ट्रॉन तंतोतंत सारखे का, या एरवी निरुत्तर राहणाऱ्या प्रश्नाला या मांडणीत सरळ उत्तर मिळते: ते सगळे एकाच क्षेत्राचे पुंज आहेत.

या कल्पनेचा आरंभ पुंजयामिकीइतकाच जुना आहे. बोर्न, हायझेनबर्ग आणि जॉर्डन यांच्या १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातच मुक्त क्षेत्राच्या पुंजीकरणाचा पहिला प्रयत्न आहे, आणि १९२७ मध्ये डिरॅक यांनी प्रकाशाच्या उत्सर्जनाला व शोषणाला तीच पद्धत लावून अणू आपोआप प्रकाश का टाकतो हे दाखवले. पुढच्या दोनतीन वर्षांत जॉर्डन-विग्नर आणि हायझेनबर्ग-पाउली यांनी मांडणीचा सांगाडा जवळजवळ पुरा केला. पण १९३० च्या सुमारास ओपेनहायमर यांनी इलेक्ट्रॉनचा स्वतःच्याच क्षेत्राशी येणारा संबंध हिशेबात धरला तेव्हा उत्तर अनंत आले, आणि त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे या अनंतांचे काय करायचे या विवंचनेत गेली. कोंडी फुटली ती १९४७ मध्ये. लॅम आणि रेदरफोर्ड यांनी हायड्रोजनच्या, डिरॅक यांच्या समीकरणानुसार एकसमान असायला हव्या अशा दोन ऊर्जापातळ्यांत सुमारे १,००० मेगाहर्ट्झचा फरक मोजला. न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवरील परिषदेत त्याची चर्चा झाली आणि तेथून परतताना हान्स बेथे यांनी आगगाडीतच त्याचे ढोबळ गणित सोडवले. कण प्रत्यक्षात जे वस्तुमान आणि जो विद्युतभार दाखवतो ते मोजून घ्यायचे आणि उरलेली सर्व उत्तरे त्यांच्याच भाषेत लिहायची, म्हणजे अनंत पदे आपसांत खपून जातात, ही पुनर्सामान्यीकरणाची युक्ती मग श्विंगर, फाइनमन आणि टोकियोत युद्धकाळापासून स्वतंत्रपणे काम करणारे टोमोनागा यांनी पद्धतशीर केली, आणि तिघांच्या वरकरणी अगदी निराळ्या दिसणाऱ्या पद्धती एकच आहेत हे १९४९ मध्ये फ्रीमन डायसन यांनी सिद्ध केले. तिघांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यशाचे मोजमाप एका संख्येत पाहता येते. डिरॅक यांच्या समीकरणानुसार इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय परिबलाशी निगडित एक गुणांक बरोबर १ यायला हवा. श्विंगर यांनी १९४८ मध्ये दाखवले की त्यात सूक्ष्मरचना स्थिरांक, म्हणजे सुमारे १/१३७, भागिले दोन पाय एवढी भर पडते. हा भागाकार कोणालाही करता येतो, उत्तर ०.००११६१४ येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात ही भर ०.००११५९६५२१८०५९ इतकी आहे आणि तिच्यातील अनिश्चितता केवळ शेवटच्या दोन अंकांत आहे. एका ओळीच्या सूत्राने पहिल्याच पायरीला इतके जवळ जावे, आणि उरलेला किंचितसा फरक पुढच्या पायऱ्यांनी भरून निघावा, याचे अप्रूप अजून ओसरलेले नाही. मात्र या पायऱ्या झपाट्याने अवघड होत जातात, आणि पाचव्या पायरीवर १२,६७२ फाइनमन आकृत्यांचा, म्हणजे गणितातील एकेका पदाच्या चित्रांचा, हिशेब करावा लागतो. पहिल्या पायरीचे हे गणित संपूर्ण, एकही ओळ न गाळता, वहीत उतरवणे ही या विषयाच्या नवशिक्याची खरी परीक्षा असते, आणि एखादे पुस्तक विद्यार्थ्याला तेथवर किती पानांत, किती तयारीनिशी आणि कोणत्या मार्गाने नेते, हा त्या पुस्तकाच्या पारखीचा सर्वांत विश्वासाचा निकष आहे.

युद्धोत्तर यशानंतरची वाट सरळ नव्हती, आणि ते वळण लक्षात न घेता जुनी पुस्तके हाती घेतली तर दिशाभूल होते. विद्युतगतिकीत, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या वर सांगितलेल्या सिद्धांतात, प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा बरीच लहान असते. अणुकेंद्रातील तीव्र बलाच्या बाबतीत ती तशी नसल्यामुळे १९५० आणि १९६० च्या दशकांत क्षेत्र सिद्धांतावरचा विश्वासच उडाला. सोव्हिएत संघात लांडाऊ यांनी आणि बर्कलीत जेफ्री च्यू यांनी क्षेत्राची कल्पनाच सोडून द्यावी असे वेगवेगळ्या कारणांनी सुचवले. यांग आणि मिल्स यांचा १९५४ चा सिद्धांत, ज्यात बल वाहून नेणारे कण एकमेकांवरही बल लावतात, तोवर जवळजवळ शोभेचाच राहिला होता. १९७१ मध्ये टोफ्ट यांनी त्याचे पुनर्सामान्यीकरण शक्य आहे हे दाखवले, १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी अशा सिद्धांतात अंतर कमी होत जाते तसे बल क्षीण होते हे दाखवले, आणि दोनतीन वर्षांत क्षेत्र सिद्धांत पुन्हा भौतिकशास्त्राच्या मध्यभागी आला. ब्योर्केन आणि ड्रेल यांचे १९६४-६५ मधील दोन खंड या घटनांच्या आधीचे आहेत. त्यांतील विद्युतगतिकीची गणिते आजही निर्दोष आणि शिकण्याजोगी आहेत, परंतु आज ज्याला प्रमाणित प्रतिकृती (स्टँडर्ड मॉडेल) म्हणतात त्या संपूर्ण इमारतीचा त्यांत पत्ता नाही. ग्रंथालयाच्या कपाटात हेच खंड आधी हाताला लागतात म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला हे माहीत असलेले बरे.

१९७१-७३ च्याच सुमारास केनेथ विल्सन यांनी पुनर्सामान्यीकरणाचा अर्थच बदलला, आणि पाठ्यपुस्तकांच्या दृष्टीने ही क्रांती कदाचित अधिक खोलवरची आहे. विल्सन यांच्या मते कोणताही क्षेत्र सिद्धांत एका ठरावीक ऊर्जेपर्यंतच खरा मानायचा असतो; त्यापलीकडच्या अज्ञात तपशिलांचा परिणाम थोड्याशा स्थिरांकांत सामावून जातो, आणि आपण ज्या अंतराच्या पट्टीवर पाहतो ती बदलली की हे स्थिरांकही बदलत जातात. या दृष्टीने अनंत हा सिद्धांताचा आजार उरत नाही; तो सिद्धांताला त्याच्या मर्यादेबाहेर ताणल्याचा परिणाम ठरतो. पाण्याचे वाफेत रूपांतर होतानाचा क्रांतिक बिंदू आणि मूलकणांची टक्कर यांना एकच गणित लागू पडते हेही त्यातूनच कळले. विल्सन यांना १९८२ मध्ये नोबेल मिळाले, पण त्यांची दृष्टी प्रास्ताविक पुस्तकांच्या पहिल्या प्रकरणांत उतरायला आणखी बराच काळ गेला. अजूनही कित्येक पुस्तके आधी अनंत लपवायला शिकवतात आणि ते लपवणे रास्त का होते हे शेकडो पानांनंतर सांगतात.

या पार्श्वभूमीवर आजच्या पुस्तकांतील घराणी ओळखता येतात. सर्वांत मोठे घराणे कॅनॉनिकल पद्धतीचे, म्हणजे अभिजात क्षेत्राचे समीकरण घेऊन त्याच्या कंपनांना साध्या दोलकाप्रमाणे पुंजरूप देणाऱ्यांचे. १९९५ मध्ये आलेले पेस्किन आणि श्रोडर यांचे पुस्तक याच वाटेने निघते, मध्यावर मार्ग-समाकलाकडे, म्हणजे कण किंवा क्षेत्र जे जे मार्ग घेऊ शकेल त्या सर्वांची भारित बेरीज करण्याच्या फाइनमन यांच्या पद्धतीकडे वळते, आणि गणना शिकवण्यात अजूनही त्याची बरोबरी करणारे पुस्तक विरळाच. त्याची किंमत अशी की विद्यार्थी पुष्कळदा यंत्र चालवायला शिकतो आणि यंत्र काय करते आहे हे मागाहून कळते. अँथनी झी यांचे २००३ चे पुस्तक याच्या उलट, मार्ग-समाकलापासूनच निघते आणि कल्पना विलक्षण वेगाने उलगडते. ते वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते. समजले की नाही हे पुस्तक मिटून स्वतः गणित मांडायला बसल्यावर ठरते, आणि तेथे दुसऱ्या पुस्तकाची गरज लागतेच. मार्क स्रेडनिकी यांनी विषय बारीक बारीक प्रकरणांत तोडून, आधी फिरत (स्पिन) नसलेल्या साध्या क्षेत्रावर, तेही सहा मितींत, पुनर्सामान्यीकरण शिकवले आहे. सहा मितींचे नाव ऐकून विद्यार्थी बिचकतो, पण ज्या गुंतागुंती इलेक्ट्रॉनमुळे येतात त्या बाजूला ठेवून मूळ युक्ती एकटी पाहायची असेल तर ही निवड चतुर आहे. मॅथ्यू श्वार्ट्झ यांचे २०१४ चे पुस्तक प्लांक आणि आइनस्टाइन यांच्या प्रारणाच्या हिशेबापासून डिरॅकपर्यंत येते, त्यामुळे क्षेत्राची गरज कोठे भासली हे वाचकाला आपसूक दिसते.

या सर्वांहून वेगळी वाट स्टीव्हन वाइनबर्ग यांची आहे. १९९५ पासून आलेल्या त्यांच्या तीन खंडांत क्षेत्र हा आरंभबिंदूच नाही. १९३९ मध्ये विग्नर यांनी दाखवल्याप्रमाणे सापेक्षतेची सममिती आणि पुंजयामिकी यांवरून कणाचे वस्तुमान आणि फिरत हे दोन गुण आपोआप निघतात. वाइनबर्ग तेथून निघून विचारतात की दूरदूरच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांवर अवलंबून नसावेत असे म्हटले तर काय करावे लागेल, आणि क्षेत्र हे त्या अटीचे जवळजवळ अपरिहार्य उत्तर म्हणून समोर येते. विषयाची अंगभूत तर्कसंगती इतक्या ताकदीने क्वचितच कोणी मांडली असेल, परंतु पहिल्या वाचनासाठी हे खंड सुचवणे म्हणजे विद्यार्थ्यावर अन्याय आहे. ज्याने एकदा तरी दुसऱ्या पुस्तकातून गणना केली आहे त्यालाच त्यांची खरी चव लागते. गणितज्ञांचे घराणे आणखी पलीकडे आहे. वाइटमन आणि हाग यांच्या परंपरेत आधी अभिगृहीते मांडून मग काय सिद्ध होते ते पाहतात, आणि प्रत्यक्ष चार मितींतील यांग-मिल्स सिद्धांताला तसा काटेकोर आधार देणे हा क्ले संस्थेने २००० साली जाहीर केलेल्या दहा लाख डॉलर बक्षिसाच्या प्रश्नांपैकी एक आहे. तो अजून सुटलेला नाही. अवकाशकाळाची जाळी कल्पून संगणकावर हिशेब करणारी विल्सन यांची १९७४ मधली पद्धत हे आणखी एक घराणे; मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यावर दीर्घकाळ काम होत आले आहे.

भारतातील वाचकाच्या दृष्टीने दोन पुस्तकांची दखल स्वतंत्रपणे घ्यायला हवी. अमिताभ लाहिरी आणि पलाश पाल या कोलकात्यातील लेखकांनी लिहिलेले 'अ फर्स्ट बुक ऑफ क्वांटम फील्ड थिअरी' हे नावाप्रमाणेच पहिले पुस्तक आहे: कॅनॉनिकल मार्ग, मोजकी पाने आणि मधल्या पायऱ्या न गाळण्याची शिस्त. पुण्याच्या आयुका संस्थेत संशोधन केलेले ठाणू पद्मनाभन यांचे २०१६ मधील पुस्तक अगदी वेगळ्या स्वभावाचे आहे. सापेक्षतावादी कणाच्या सर्व मार्गांची बेरीज करायला घेतली तर त्या बेरजेतूनच क्षेत्र कसे डोकावते हे ते पहिल्याच प्रकरणात विचारते, आणि निर्वात अवकाशाला बाहेरून डिवचले तर काय घडते याकडे, जेथे इतर प्रास्ताविक पुस्तके फारशी थांबत नाहीत तेथे, सावकाश रेंगाळते. पहिले पुस्तक म्हणून ते कोणालाही देता येणार नाही, पण दुसरे म्हणून त्याच्याइतके प्रश्न विचारायला लावणारे पुस्तक थोडेच आहे. या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध याहून जुना आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या एकमेकांवरील प्रकीर्णनाचे, म्हणजे टकरीनंतर ते कोणत्या कोनात किती प्रमाणात विखुरतात याचे, सूत्र मुंबईत जन्मलेल्या होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये असताना काढले आणि ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा फाइनमन यांच्या आकृत्या अस्तित्वात नव्हत्या. आज विद्यार्थी तेच गणित दोन आकृत्या काढून, त्यांच्यामध्ये उणे चिन्ह घालून, एका संध्याकाळी सोडवतो, आणि ते उणे चिन्ह कोठून आले हे ज्याला सांगता येते त्याला इलेक्ट्रॉनचे क्षेत्र कळले असे समजायला हरकत नाही. क्षेत्राविनाच विद्युतगतिकी उभी करण्याचा, कणांमधील थेट क्रियेवर आधारलेला जो प्रवाह व्हीलर आणि फाइनमन यांनी सुरू केला होता, तो फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी पुढे नेला हेही येथे नोंदवण्याजोगे आहे; प्रचलित पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख सहसा सापडत नाही.

एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना जी अडचण प्रत्यक्ष छळते ती कल्पनांची नसून संकेतांची असते, आणि तिच्याविषयी कोणी आगाऊ सांगत नाही. पेस्किन आणि श्रोडर काळाच्या घटकाला धन आणि अवकाशाच्या तीन घटकांना ऋण चिन्ह देतात, तर वाइनबर्ग आणि स्रेडनिकी याच्या उलट. त्यामुळे संवेगाचा वर्ग एका पुस्तकात वस्तुमानाच्या वर्गाइतका आणि दुसऱ्यात उणे तितकाच असतो. सूक्ष्मरचना स्थिरांक लांडाऊ-लिफशित्झ मालिकेतील खंडात विद्युतभाराच्या वर्गाइतकाच असतो, तर बहुतेक आधुनिक पुस्तकांत त्या वर्गाला चार पायने भागावे लागते. समजा, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या नाशातून म्यूऑनची जोडी तयार होण्याची शक्यता काढायची आहे; तिचे सूत्र एका पुस्तकातून विद्युतभाराच्या रूपात उचलले आणि विद्युतभाराची किंमत दुसऱ्यातून घातली, तर उत्तर चार पायच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ १५८ पटीने चुकते, आणि सूत्र व किंमत दोन्ही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे चूक शोधायला कित्येक दिवस लागू शकतात. शंका विचारायला जवळ शिक्षक असला तर हा घोळ पाच मिनिटांत मिटतो. जिल्ह्याच्या ठिकाणी, जेथे हा विषय शिकवणारे कोणी नाही तेथे एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी मात्र अशा ठिकाणीच विषय सोडून देतो. म्हणून प्रस्तुत पुस्तकात सात पाठ्यपुस्तकांच्या संकेतांची तुलना परिशिष्टात न ढकलता आरंभीच ठेवली आहे.

हा विषय शिकण्याची गरज आता केवळ मूलकणांच्या अभ्यासकांना उरलेली नाही. २०१२ मध्ये सर्नच्या प्रयोगांत हिग्ज कण सापडल्यानंतर प्रमाणित प्रतिकृतीचा पट पूर्ण झाला, आणि तिच्यापलीकडे काय याचा शोध आता बराचसा विल्सन यांच्या दृष्टीतून आलेल्या परिणामी क्षेत्र सिद्धांतांच्या भाषेत, म्हणजे अज्ञात भौतिकी न ओळखताही तिच्या खुणा मोजण्याच्या भाषेत, चालतो. संघनित द्रव्याच्या अभ्यासात अतिवाहकतेपासून क्रांतिक घटनांपर्यंत क्षेत्र सिद्धांत हे रोजचे हत्यार आहे. तेथे जाणाऱ्याने पेस्किनपेक्षा अल्टलंड आणि सायमन्स यांच्या पुस्तकापासून सुरुवात करणे अधिक हिताचे. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या कृष्णविवरांच्या गुरुत्वलहरींचे आकार काढतानाही क्षेत्र सिद्धांताच्या याच युक्त्या वापरल्या जातात, आणि हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत असताना हा संबंध मराठी विद्यार्थ्याला परका वाटण्याचे कारण नाही.

प्रस्तुत पुस्तकाने पाठ्यपुस्तकांची गुणानुक्रमे यादी लावलेली नाही आणि कोणत्याही एका पुस्तकाची जागा घेण्याचाही त्याचा हेतू नाही. म्यूऑनच्या जोडीची निर्मिती, इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय परिबलातील श्विंगर यांची भर आणि ऊर्जेबरोबर बदलणारा विद्युतभार ही तीन गणिते निवडून ती वेगवेगळ्या घराण्यांत कशी सोडवली जातात हे ओळीने, मधल्या पायऱ्यांसह दाखवणे ही त्याची पद्धत आहे. त्या तीन गणितांच्या निमित्ताने प्रत्येक पुस्तकाची ताकद आणि उणीव वाचकाला स्वतः दिसावी अशी अपेक्षा आहे. साध्या दोलकाची पुंजयामिकी, लॅग्रांजियन पद्धत, चतुष्क सदिशांची लेखनपद्धती आणि संमिश्र प्रतलावरील समाकलन एवढी तयारी येथे धरलेली आहे. ती कच्ची असेल तर आधी पक्की करून घ्यावी, कारण या विषयात अडलेले बहुतेक विद्यार्थी क्षेत्रापाशी नव्हे तर याच ठिकाणी अडलेले असतात. डेव्हिड टाँग यांची केंब्रिजमधील व्याख्याने आणि स्रेडनिकी यांच्या पुस्तकाचा प्रकाशनपूर्व मसुदा लेखकांनीच विनामूल्य उपलब्ध केला असल्यामुळे तिन्ही गणितांपैकी प्रत्येकाची किमान एक मांडणी विकत न घेता पाहता येईल अशी काळजी निवडीत घेतली आहे. अतिसममिती, रज्जू सिद्धांत आणि वक्र अवकाशकाळातील क्षेत्रे यांना येथे हात लावलेला नाही. अभिगृहीतांच्या घराण्याची ओळख एका छोट्या प्रकरणापुरतीच ठेवली आहे, आणि ज्यांचा ओढा गणिताकडे आहे अशा वाचकांनी ते प्रकरण सर्वांत आधी वाचले तरी चालेल.